सॅम कुकची पाच गाणी आणि एका उत्तरकालीन बखरीचे ओझे

#थ्रेड #इतिहास

१/ अमेरिकी गायक सॅम कुक याच्या सर्वोत्तम गाण्यांची यादी आज कोणीही केली, तरी तिच्या शिरोभागी बहुधा एकच गाणे आढळते: ‘अ चेंज इज गॉना कम’. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या पाचशे सर्वश्रेष्ठ गाण्यांच्या यादीत हे गाणे २००४ मध्ये १२ व्या स्थानी होते. २०२१ च्या यादीत ते थेट ३ ऱ्या स्थानी आले.

२/ आता समकालीन पुरावा पाहावा. हे गाणे सुट्या तबकडीवर २२ डिसेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध झाले, तेही तबकडीच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला ‘शेक’ हे नाचाचे गाणे होते. ‘बिलबोर्ड’च्या पॉप क्रमवारीत ‘शेक’ ७ व्या स्थानापर्यंत पोहोचले, तर ‘चेंज’ ३१ व्या स्थानी थांबले. ३१ पासून ३ पर्यंतच्या या प्रवासात गाण्याचा एक सूरही बदललेला नाही. बदलले ते त्याच्याभोवतीचे कथन.

३/ बखर आणि अस्सल कागद यांतील भेद इतिहासाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. बखरकाराला शेवट ठाऊक असतो, म्हणून आधीची प्रत्येक घटना तो त्या शेवटाकडे वळवून घेतो. कुकचीही अशी एक बखर तयार झाली आहे. एक देखणा तरुण हलकीफुलकी प्रेमगीते गात होता. बॉब डिलनचे गाणे ऐकून त्याला जाग आली. त्याने एक महान गीत रचले आणि लगेच त्याचा अंत झाला. यातील सुटी सुटी विधाने निराधार नाहीत. त्यांची मांडणी मात्र दिशाभूल करणारी आहे.

४/ या थ्रेडचे प्रतिपादन असे: ‘चेंज’ हे कुकचे सर्वश्रेष्ठ गाणे खुशाल मानावे, पण एकटे वेगळे काढले तर ते समजत नाही. आधीच्या चार गाण्यांनी कमावलेला आवाज, श्रोतृवर्ग आणि व्यावसायिक स्वातंत्र्य यांच्या पायावर ते उभे आहे. म्हणून एका गाण्याऐवजी पाच गाण्यांची साखळी कालक्रमाने वाचली पाहिजे.

५/ पहिली कडी: ‘जीझस गेव्ह मी वॉटर’ (१९५१). कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तो लहान असतानाच कुटुंब शिकागोला गेले. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून अन्यत्र स्थायिक झाले. त्या महास्थलांतराच्या लोंढ्यातले हे एक घर. विशीच्या उंबरठ्यावर कुक ‘सोल स्टरर्स’ या नामवंत गॉस्पेल गायकवृंदाचा मुख्य गायक झाला.

६/ गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिसंगीत. त्या काळी मुख्य गायकाने घसा ताणून, आर्त हाका देत सभा पेटवावी अशी अपेक्षा असे. कुकने वेगळी वाट काढली. तो संथ, मोकळ्या गळ्याने गाई आणि एकाच अक्षरावर स्वर हलकेच खाली-वर लहरवत नेई. पुढे जगाला ज्या लहरत्या स्वरांनी भुरळ घातली, ते अशा प्रार्थनेतून आले आहेत. सोल संगीताची व्याख्या करताना पुस्तके ‘गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांचा संयोग’ असे म्हणतात. तो संयोग घडवून आणणाऱ्या मोजक्या कंठांपैकी हा एक.

७/ दुसरी कडी: ‘यू सेंड मी’ (१९५७). भक्तिगायकाने लौकिक गाणी गाणे हे तेव्हा धर्मभ्रष्टतेसारखेच मानले जाई. त्यामुळे कुकचे पहिले लौकिक गाणे ‘डेल कुक’ या टोपणनावाने आले. आवाज अर्थातच लपला नाही. ‘यू सेंड मी’च्या ध्वनिमुद्रणातील मागचे गोडसर वृंदगान ‘स्पेशालिटी’ कंपनीचा मालक आर्ट रूप याला मुळीच रुचले नाही. अखेर कुक आणि निर्माता बम्प्स ब्लॅकवेल ती कंपनी सोडून बाहेर पडले. ‘कीन’ या नव्या कंपनीने गाणे बाजारात आणले आणि वर्ष संपण्यापूर्वी ते पॉप आणि रिदम अँड ब्लूज या दोन्ही क्रमवारींत पहिल्या स्थानी होते.

८/ या गाण्याला ‘निव्वळ प्रेमगीत’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्याची तारीख पाहावी. ते सप्टेंबर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावे लागले. त्याच्या दोन वर्षे आधी, ऑगस्ट १९५५ मध्ये, शिकागोहून मिसिसिपीत पाहुणा म्हणून गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली होती. त्याच्यावर आरोप होता एका श्वेतवर्णीय स्त्रीशी सलगी केल्याचा.

९/ त्या अमेरिकेत मिसिसिपीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय तरुण मृदू, निर्भय स्वरात प्रेमाची कबुली देतो आणि श्वेतवर्णीय घरांतील मुली ती तबकडी विकत घेऊन दिवाणखान्यात वाजवतात. शब्दांत कोठेही निषेध नाही, तरी ही घटना वर्णविभाजनाच्या इतिहासाबाहेरची नाही. शाळेच्या दारावर सैनिक उभे असताना हा आवाज रेडिओवाटे घरात शिरला होता.

१०/ आणखी एक बाब. या गाण्याचा रचनाकार म्हणून तबकडीवर कुकच्या भावाचे, एल. सी. कुकचे नाव छापले गेले. जुन्या मालकाकडे प्रकाशनहक्काचे पैसे जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे आपल्या गाण्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न कुकला १९५७ मध्येच पडला होता. पुढे जे. डब्ल्यू. अलेक्झांडर याच्यासह त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था आणि ‘एसएआर’ ही ध्वनिमुद्रण कंपनी उभी केली. बॉबी वोमॅकसारखे तरुण कलावंत तेथे घडले. आपल्या कामाची मालकी आपल्याकडे राखणारे कृष्णवर्णीय गायक त्या काळी अपवादानेच सापडतात.

११/ तिसरी कडी: ‘चेन गँग’ (१९६०). दौऱ्यावर असताना महामार्गाच्या कडेला काम करणारी साखळदंडातील कैद्यांची टोळी कुकला दिसली आणि त्यातून हे गाणे सुचले. दक्षिणेतील तुरुंगांची ही सक्तमजुरी गुलामगिरीच्या समाप्तीनंतरही श्रम फुकट मिळवण्याची व्यवस्था होती आणि तिचा भार प्रामुख्याने कृष्णवर्णीयांवर पडत असे. गाण्याच्या तालात हातोड्यांचा ठणठणाट आणि श्रमाचे हुंकार आहेत. हेच गाणे पॉप क्रमवारीत २ ऱ्या स्थानी पोहोचले. लोक त्यावर नाचले. डिलनचे नाव अजून कोणी ऐकलेही नव्हते.

१२/ ‘१९६३ मध्ये जाग आली’ या कथनाला येथे तडा जातो. त्याला छेद देणारा दुसरा पुरावाही आहे. १९६१ मध्ये मेम्फिस येथे श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवले जाणार असल्याचे कळताच कुकने कार्यक्रम करण्यास नकार दिला. दक्षिणेत अशा नकाराची किंमत केवळ पैशांत मोजली जात नसे.

१३/ चौथी कडी: ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ (१९६२). यात लू रॉल्सचा आवाज कुकच्या प्रत्येक हाकेला प्रतिसाद देतो. उपदेशकाने हाक द्यावी आणि भक्तसमुदायाने ‘ओ’ द्यावी, ही चर्चमधील रीत येथे विरहगीतात उतरली आहे. हे गाणे ऐकावे ते मात्र १२ जानेवारी १९६३ च्या ध्वनिमुद्रणात. मायामीच्या ओव्हरटाऊन या कृष्णवर्णीय वस्तीतील हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये कुक त्या रात्री गायला. येथे तो खरखरीत, घामेजलेला, जवळजवळ उपदेशकासारखा आहे. सोबत सॅक्सोफोनवर किंग कर्टिस आहे आणि श्रोतेच गायकवृंद झाले आहेत.

१४/ आरसीए कंपनीला हे ध्वनिमुद्रण गुळगुळीत पॉप प्रतिमेच्या दृष्टीने फारच रांगडे वाटले. ते कपाटात पडून राहिले आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान महामार्गाच्या बांधकामाने ओव्हरटाऊनची वस्ती पार उद्ध्वस्त केली होती. एखाद्या कलावंताबद्दलचे मत वीस वर्षे अपुऱ्या दप्तरावर बेतलेले असू शकते, याचे हे ठळक उदाहरण. ज्यांनी १९६४ चे कोपाकबाना क्लबमधील सफाईदार ध्वनिमुद्रण तेवढे ऐकले, त्यांना कुक ‘गोऱ्यांचा लाडका’ वाटला. दोष त्यांचा नव्हता, साधनांचा होता.

१५/ पाचवी कडी: ‘अ चेंज इज गॉना कम’ (१९६४). ८ ऑक्टोबर १९६३ रोजी लुईझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे, आधी आरक्षण केलेले असूनही, हॉटेलने कुक आणि त्याच्या साथीदारांना खोली नाकारली. कुकने जाब विचारला. नंतर शांतताभंगाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. २०१९ मध्ये त्या शहराच्या महापौरांनी या प्रकरणी त्याच्या कुटुंबाची माफी मागितली. ३० जानेवारी १९६४ रोजी गाणे ध्वनिमुद्रित झाले.

१६/ डिलनच्या ‘ब्लोइंग इन द विंड’ने कुकला अस्वस्थ केले होते, हे खरेच आहे, कोपाकबानात त्याने ते गाणे गायलेही. परंतु त्या गाण्याची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गुलामांच्या जुन्या गीतावरून आल्याचे स्वतः डिलननेच सांगितले आहे. तेव्हा या ऋणाची नोंद करायची तर वहीची दोन्ही पाने भरावी लागतील.

१७/ आता ‘चेंज’ पुन्हा ऐकावे. रेने हॉलच्या वाद्यवृंदातील तंतुवाद्ये पॉपच्या दुनियेतली आहेत, आवाजाची आर्तता ‘सोल स्टरर्स’च्या दिवसांतली, सार्वजनिक जीवनातील अपमानाचा अनुभव ‘चेन गँग’च्या रस्त्यावरचा. एवढा मोठा वाद्यवृंद घेऊन बाजाराला न रुचणारे गाणे करण्याची मुभा यशस्वी प्रेमगीतांनी मिळवून दिली होती. तरीही बाजाराने आपला हात दाखवलाच: सुट्या तबकडीवर आलेल्या आवृत्तीतून वर्णविभाजनाचा थेट उल्लेख असलेले कडवे वगळण्यात आले.

१८/ तबकडी बाजारात येण्यापूर्वीच, ११ डिसेंबर १९६४ रोजी, लॉस एंजेलिसमधील एका मोटेलमध्ये गोळी लागून कुकचा मृत्यू झाला. तो ३३ वर्षांचा होता. मृत्यूमुळे गाण्याला भविष्यवाणीचे वलय लाभले. पुढे ऑटिस रेडिंग आणि अरीथा फ्रँकलिन यांनी ते गायले. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने त्याची राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत निवड केली. जानेवारी २००९ मध्ये ओबामा यांच्या शपथविधीपूर्वी लिंकन स्मारकापाशी ते गायले गेले. प्रत्येक टप्प्यावर गाण्याची उंची वाढली, आणि बाकीची गाणी त्याच्या सावलीत गेली.

१९/ यावर आक्षेप येईल की श्रेष्ठ गाणे श्रेष्ठच असते, क्रमवारीतील आकड्यांनी ते लहान होत नाही. आक्षेप मान्य आहे. १९६४ च्या ग्राहकांपेक्षा आजच्या श्रोत्यांचा कौल अधिक जाणता असू शकतो. पण या एकाच गाण्यामुळे कुक ‘इतिहासात’ येतो असे म्हटले, की त्यातून दुसरे विधान आपोआप निघते: कृष्णवर्णीय कलावंताची जखम तेवढी इतिहासाचा विषय, त्याचा आनंद म्हणजे करमणूक. हे विधान अन्यायकारक आहे, आणि पुराव्याला धरूनही नाही.

२०/ ज्या समाजात कोणी कोठे बसावे, कोठे झोपावे आणि कोणाकडे पाहावे हे त्वचेच्या रंगावरून ठरत होते, तेथे निवांतपणे, गोडव्याने आणि स्वतःच्या मालकीने गाणे हीसुद्धा एक भूमिका होती. ती भूमिका घोषणेत सापडत नाही. ती कंठात, करारनाम्यात आणि तबकडीवर छापलेल्या नावात शोधावी लागते.

२१/ म्हणून एक विनंती. ही पाच गाणी वरील क्रमाने, एका बैठकीत ऐकावीत. चौथे मायामीच्या ध्वनिमुद्रणातले आणि पाचवे न कापलेल्या आवृत्तीतले. ‘चेंज’पर्यंत पोहोचल्यावर त्यातील कोणता स्वर आधी कोठे ऐकला होता, हे ओळखता आले तर जरूर लिहावे. तुमच्या यादीत सहावे गाणे कोणते, तेही कारणासह कळवावे.

(समाप्त)