चित्र विकण्याआधी त्याची पाठ बघा
जुनं घर रिकामं करताना माजघरातलं चित्र खाली उतरतं, भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन उरतो आणि भावंडांत पहिला प्रश्न निघतो, याचे किती येतील? माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी चित्र उलटं करा. पाठीवर प्रदर्शनाची पिवळी पडलेली चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का, पेन्सिलीनं टाकलेली तारीख असं काहीबाही असतं. चित्राचं कूळ तिथंच कळतं. त्याचे फोटो काढा. ओलं फडकं लावू नका, फ्रेम बदलू नका. मग भिंगातून रंग बघा. बारीक ठिपके दिसले तर ती छापील प्रत. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातली अशी चित्रं घरोघरी होती. त्यांनाही गिऱ्हाईक आहे, पण मूळ तैलचित्राचा भाव त्यांना येत नाही. धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्या नामवंत चित्रकाराची सही निघाली, तर दोन लिलावगृहांकडून लेखी अंदाज घ्या. कमिशन, विमा आणि राखीव किंमत (जिच्याखाली चित्र विकायचं नाही ती) स्पष्ट विचारा. चित्रकार फारसा परिचित नसेल, तर गॅलरीत विक्रीला ठेवणं बरं. लिलावात बोली लागली नाही की पुढचं गिऱ्हाईकही बिचकतं. रविवर्मा, अमृता शेरगिल यांची मूळ चित्रं मात्र १९७२ च्या पुरावस्तू व कलावस्तूंच्या कायद्यानुसार विक्रीसाठी परदेशी पाठवता येत नाहीत. सगळ्या वारसांची लेखी संमती आधी घ्या. आणि आजीनं सांगितलेली त्या चित्राची गोष्ट लिहून त्याच्यासोबत द्या. नव्या घरात ते पोरकं वाटू नये.