शिळ्या कढीला ऊत?

गेल्या दिवाळीत माळा झाडताना थोरल्या मामांची पेटी खाली आली. आत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, आणि प्रत्येकीच्या कागदी वेष्टनावर मामांच्या हातची शिसपेन्सिलीची अक्षरे : ट्रम्पेट कोणाचा, पियानो कोणाचा, सॅक्सोफोनवर कोण. कंपनीने ती नावे छापली नव्हती. म्हणून मामा वादकांना गाठून, विचारून, लिहून ठेवीत. पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळे आता फोनवर मिळते. अडगळ कशाला?" आणि फराळाला आलेले आमचे एक स्नेही चकली मोडीत म्हणाले, "मिळते कसले! कंपन्या शिळ्या कढीला ऊत आणतात आणि आपण पुन्हा पैसे मोजतो."

या दोघांशीही माझे भांडण आहे. तेच आज वाचकांपुढे मांडतो.

आधी स्नेह्यांचे घेऊ. त्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. 1960 च्या दशकात कंपन्यांनी एकमार्गी मुद्रणे यंत्रातून काढून ती 'स्टीरिओ' म्हणून खपवली. पुढे सीडीच्या काळात तीच गाणी नुसती मोठ्या आवाजात दाबून 'सुधारलेली' म्हणून विकली. ही लबाडीच. पण लबाड व्यापाऱ्यामुळे व्यापार खोटा ठरत नाही. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही जॅझची विख्यात तबकडी 1959 सालची. तिच्या पहिल्या बाजूचे ध्वनिमुद्रण करणारे यंत्र किंचित मंद फिरत होते. त्यामुळे तबकडीवर ते संगीत मुळापेक्षा जरासे वरच्या स्वरात वाजे. कित्येक वर्षे जगाने तेच खरे मानले. 1990 च्या दशकातल्या पुनर्मुद्रणांत दुसऱ्या, बरोबर फिरणाऱ्या यंत्राची फीत वापरून तो दोष काढला गेला. आता सांगा, ही कढी शिळी, की पहिल्यांदाच नीट शिजलेली?

आणि नव्या-जुन्याची भिंत तरी कुठे उरली आहे? जॉन लेननने 1970 च्या दशकात घरी कॅसेटवर एक गाणे गाऊन ठेवले. पियानोच्या गोंगाटात बुडालेला त्याचा आवाज यंत्राने वेगळा काढला आणि 2023 साली ते बीटल्सचे गाणे म्हणून बाहेर आले. ते काही जणांना आवडले नाही, हा रुचीचा प्रश्न. पण काय केले ते उघड सांगून केले; मला ते पुरेसे आहे.

आता पुतण्या. "मिळते ना, मग झाले," हे त्याचे वाक्य मला स्नेह्यांच्या टोमण्याहून अधिक बोचते. अरे, काय मिळते? मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन. 1936 आणि 1937 अशा दोन वर्षांत टेक्सासमध्ये त्याने एकोणतीस गाणी मुद्रित केली, आणि 1938 साली, सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. 1961 साली त्यातली सोळा एका दीर्घ तबकडीवर पुन्हा निघाली, तेव्हा कुठे विलायतेतल्या गिटारवाल्या पोरांना ब्लूज म्हणजे काय ते कळले. 1990 साली सगळी मुद्रणे एकत्र निघाली आणि त्यांच्या लाखो प्रती खपल्या. पैसा कोणाचा? जॉन्सनचा मुलगा मिसिसिपीतच खडीचा ट्रक चालवत होता. तोच वारस, हे कोर्टाने 1998 साली ठरवले आणि वरच्या कोर्टाने 2000 साली त्यावर शिक्कामोर्तब केले. बापाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी! पुन्हा काढलेली तबकडी नसती, तर वाद घालायला मिळकतच उरली नसती. पुनर्मुद्रणाने ऋण वर आणले, आणि ऋण वर आले की फेडावे लागते.

आपल्या घरचे उदाहरण दूर नाही. 'अलबेला' (1951) सर्वांना ठाऊक. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, हेही ठाऊक. पण त्यांच्या वाद्यवृंदाला जॅझचा झणझणीत फोडणीचा वास देणारा गोव्याचा चिक चॉकलेट किती घरांत ठाऊक आहे? मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवून सकाळी स्टुडिओत बसणाऱ्या गोमंतकीय वादकांची एक पिढीच्या पिढी आपल्या सिनेसंगीतात विरघळली. साखर विरघळते तशी : गोडी राहिली, नाव गेले.

म्हणून माझे मागणे साधे आहे. जुने संगीत पुन्हा काढा, जरूर काढा. पण तीन गोष्टी पाळा. मूळ फितीशी इमान राखा, वाजवणाऱ्यांची नावे छापा, आणि त्यांच्या घरी पैसा पोहोचवा. हे ज्यात आहे ते पुनर्मुद्रण माझ्या लेखी श्राद्धाहून पवित्र. ज्यात नाही ते स्नेह्यांच्या शब्दांत शिळी कढी, आणि तिथे मी त्यांच्याच पंगतीला बसेन.

पेटी मी माळ्यावर परत टाकली नाही. पुतण्याला एक तबकडी लावून दिली आणि वेष्टनावरची नावे मोठ्याने वाचायला सांगितली. त्याने वाचली. मग आपला फोन चाळून म्हणाला, "काका, इथे ही नावे नाहीत."

मी म्हटले, "मग पेन्सिल घे."