तीन कंपन्या पुरेत म्हणणाऱ्यांना

मोबाइल कंपन्यांनी एकमेकींत विलीन व्हावं की नाही, यात सरकारने पडू नये, असं सांगणारे एक विद्वान आमच्या बारामती-इंदापूर भागात हल्ली व्यासपीठ मिळेल तिथे बोलतात. नाव घेत नाही. ऐकणाऱ्यांना ते ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेत सरकार अशा सौद्यांविरुद्ध कोर्टात जातं, त्यात वकिलांचं भलं होतं, ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. आपल्या स्पर्धा आयोगाने व्होडाफोन-आयडियाच्या विलीनीकरणाला मुकाट्याने परवानगी दिली, हे शहाणपणाचं झालं. डेटा स्वस्त आहे, तीन कंपन्या पुष्कळ झाल्या, आणि ज्याला पटत नाही त्याने नंबर पोर्ट करावा. यावर टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या खिशातल्या रिचार्जची मुदत कधी संपते, हे विचारायला कुणी उठत नाही.

अमेरिकेचं आधी उरकून घेऊ. ३१ ऑगस्ट २०११ रोजी तिथल्या न्याय खात्याने एटी अँड टीला टी-मोबाइल गिळू देणार नाही म्हणून खटला भरला. डिसेंबरात सौदा मोडला आणि करारानुसार तीन अब्ज डॉलर रोख टी-मोबाइलच्या मालकांकडे गेले, वर स्पेक्ट्रम मिळालं ते वेगळंच. जी एकटी तगणार नाही असं सांगत होते, त्याच कंपनीने २०१३ मध्ये ग्राहकाला दोन वर्षांच्या करारात अडकवण्याची रीत मोडली आणि मोठ्यांना तिच्यामागून यावं लागलं. २०२० मध्ये मात्र न्यायालयाने राज्यांचा विरोध फेटाळला आणि टी-मोबाइल-स्प्रिंट एक झाल्या. चौथी कंपनी म्हणून डिश उभी राहील असं तेव्हा सांगितलं होतं. तिच्या मूळ कंपनीने २०२५ मध्ये स्पेक्ट्रम विकायला काढलं. विद्वान यातली पहिली गोष्ट उलटी सांगतात आणि दुसरी सांगतच नाहीत.

डेटा स्वस्त झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली म्हणून. त्याआधी २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आणला तोही तेव्हा नव्या असलेल्या टाटा डोकोमोने. दोन जुन्या कंपन्या एक झाल्या आणि त्यामुळे दर पडले, असं एक उदाहरण त्यांनी द्यावं, चहा माझ्याकडून.

आता त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य: ‘ग्राहकाचं बिघडलं काय?’

याला ओळीभराचं उत्तर पुरणार नाही. ज्यांचं बिघडलं ते व्याख्यानाला येत नाहीत. ते रात्री थ्री फेज लाइट आली का ते बघत असतात. इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावरून किंवा नीरेच्या काठावरून ज्यांनी पाइपलाइन टाकून पाणी आणलंय, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या मोटरीला मोबाइल स्टार्टर आहे. पेटीत एक सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. पूर्वी असं कार्ड एकदा टाकलं की ते महिनोन्‌महिने चाले, कारण त्याला फक्त येणारा फोन घ्यायचा असे. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडियाचं विलीनीकरण पुरं झालं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ही नवी कंपनी आणि एअरटेल या दोघींनी जुन्या प्रीपेड ग्राहकांना किमान रिचार्जची अट घातली: २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर सेवा बंद. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने जाब विचारला, पण अट राहिली. जुलै २०२४ मध्ये या दोघींचा २८ दिवसांचा सगळ्यात खालचा नेहमीचा प्लॅन १९९ रुपयांवर गेला. १९९ मध्ये अमर्याद बोलायला मिळतं, असं विद्वान म्हणतील. खरं आहे. पण मोटर बोलत नाही.

आणि २८ दिवसांचा महिना ही गंमत बघा. वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज. पूर्ण महिन्याचा निदान एक तरी प्लॅन ठेवा, हे ट्रायला २०२२ मध्ये आदेश काढून सांगावं लागलं. ज्यांना नुसतं बोलायचंय त्यांच्यासाठी वेगळा प्लॅन द्या, हे सांगायला डिसेंबर २०२४ उजाडला. बाजार सगळं आपोआप ठरवतो म्हणतात, मग कॅलेंडरातला महिना किती दिवसांचा हे बाजाराला सरकारी कागदावर का लिहून द्यावं लागलं?

दरवाढीच्या तारखाही पाहा: डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१, जुलै २०२४. प्रत्येक वेळी तिन्ही खासगी कंपन्या थोड्याच दिवसांच्या अंतराने वर चढल्या. जुलै २०२४ ला तर ३ आणि ४ तारखेत सगळं आटोपलं. संगनमत झालं असं मी म्हणत नाही. तिघेच उरले की संगनमताची गरजच पडत नाही, आणि विलीनीकरण आधीच तपासायचं असतं ते याच कारणासाठी. नंतर पुरावा सापडत नाही.

पोर्ट करायला सांगणाऱ्यांनी एकदा सुप्यापलीकडच्या जिरायत पट्ट्यात किंवा इंदापूरच्या कडेच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन यावं. नंबर पोर्ट होतो, टॉवर होत नाही. बारामती शहरात बीएसएनएल धरून चार कंपन्यांची रेंज असते म्हणून वस्तीवर असतेच असं नाही. जिथे दोघींचीच पोचत होती तिथे त्या दोघी एक झाल्या, की निवड संपली. परवाने आणि हिस्से मोजायचं एकक मात्र आपल्याकडे सर्कल. महाराष्ट्र सर्कल म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, गोवा धरून, मुंबई सोडून. एवढ्या पसाऱ्याच्या सरासरीत वस्तीवरचा शेतकरी कुठे दिसणार? आणि मौज अशी की त्या ढोबळ मापानेही व्होडाफोन-आयडियाचा सौदा अडकत होता. दूरसंचार खात्याच्या २०१४ च्या नियमांत एका सर्कलमध्ये ५० टक्क्यांची मर्यादा होती. ती ओलांडली तर वर्षाच्या आत खाली यायचं. विश्लेषकांच्या तेव्हाच्या हिशेबात महसुलाची मर्यादा ओलांडणाऱ्या पाच सर्कलांत आपला महाराष्ट्र होता. तरी स्पर्धा आयोगाने जुलै २०१७ मध्ये पहिल्याच टप्प्यावर, कोणतीही अट न घालता, परवानगी दिली.

हेच विद्वान उसाची गोष्ट निघाली की वेगळं बोलतात, म्हणून थोडं विषयांतर. झोनबंदी होती तेव्हा शेतकऱ्याला आपला ऊस हव्या त्या कारखान्याला घालता येत नसे. ते बंधन गेलं पाहिजे म्हणून यांनी भाषणं केली. दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर कशाला, माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांत भावासाठी चढाओढ होऊ द्या, हेही यांचंच म्हणणं. त्यावर आमचा वाद झाला होता; अंतराच्या अटीबद्दल माझं मत अजून वेगळं आहे. पण ऊस विकताना गिऱ्हाईक चार हवेत आणि रेंज विकत घेताना दुकानदार तीन पुरेत, हे एकाच डोक्यात कसं बसतं?

उरला एक मुद्दा, त्याला थोडं वजन आहे. आयडिया आणि व्होडाफोन दोघी जिओच्या माऱ्याने खंगल्या होत्या, सौदा अडवला असता तर दोघी बुडाल्या असत्या, असं म्हणतात. कदाचित. पण सौदा होऊन काय वाचलं? चाळीस कोटींवर ग्राहक घेऊन सुरू झालेली कंपनी २०२५ पर्यंत निम्म्यावर आली. महसुलावरच्या सरकारी देण्यांबद्दलच्या २०१९ च्या एजीआर निकालाने कंबर मोडली हे खरं, म्हणून सगळा दोष विलीनीकरणाचा नाही. पण थकलेली देणी सरकारने समभागांत बदलली आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा वाटा ४८.९९ टक्के झाला. सरकारने यात पडू नये म्हणणाऱ्यांच्या लाडक्या सौद्यात आज निम्मं सरकारच बसलंय.

मग करायचं काय? प्रत्येक विलीनीकरण अडवा असं माझं म्हणणं नाही. अटी घाला. २०१४ मध्ये सन फार्मा-रॅनबॅक्सी सौद्यात याच आयोगाने काही औषधं विकून टाकायला लावली होती, म्हणजे हत्यार हातात आहे. जिथे दोनच टॉवर आहेत तिथला एक ठरावीक वर्षं बंद करू नये किंवा तो दुसऱ्याला द्यावा, जास्तीचं स्पेक्ट्रम परत घ्यावं, आणि हिस्सा सर्कलऐवजी तालुक्यावर मोजावा. बीएसएनएल धड चालवावी, हे तर सांगायलाही नको.

तालुकावार मोजणी शक्य नाही, ही सबब आता चालणार नाही. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. सौद्याची सखोल चौकशी लागली तर आयोग लोकांच्या हरकतीही मागवतो. २०१७ मध्ये गोष्ट तिथवर गेलीच नाही. पुढचा सौदा येईल तेव्हा सखोल चौकशीची मागणी आधी करा, आणि स्टार्टरमध्ये सिम असलेल्या प्रत्येकाने आपल्या वस्तीचा नकाशा जोडून हरकत पाठवा.