प्रवाशाला कोणी विचारले?

लंडनच्या बाजारात २३ जानेवारी १९९६ रोजी फोर्टे या हॉटेल कंपनीचा बळी गेला. बळी घेणारी ग्रॅनाडा. टीव्हीची वाहिनी चालवणारी, टीव्हीचे संच भाड्याने देणारी आणि महामार्गांवर खानपानगृहे थाटणारी कंपनी. किंमत सुमारे ३.९ अब्ज पौंड. दोन महिने वर्तमानपत्रांचे रकाने या झुंजीने भरले होते. भागधारकांना पत्रांवर पत्रे गेली, बँकांचे सल्लागार रात्र रात्र जागले, फंडांच्या व्यवस्थापकांचे उंबरठे दोन्ही पक्षांनी झिजवले. या सगळ्या गदारोळात एका माणसाकडे मात्र कोणी फिरकले नाही. ज्याच्या खिशातून त्या हॉटेलांचा गल्ला रोज भरत होता, त्या प्रवाशाला कोणी विचारले? कोणीही नाही! तीस वर्षांनंतर, दर नव्या सौद्याच्या वेळी, आजही तेच घडते आहे. म्हणून हा जुना खटला आम्ही पुन्हा उभा करीत आहोत.

फोर्टे ही काही कागदावर जन्मलेली कंपनी नव्हती. चार्ल्स फोर्टे हा इटलीतल्या डोंगरी खेड्यातला मुलगा लहानपणी स्कॉटलंडला आला, १९३०च्या दशकात त्याने लंडनमध्ये दूध आणि आइस्क्रीम विकणारे दुकान काढले. महायुद्धात इटालियन म्हणून त्याला नजरकैदेत टाकले गेले. तिथून सुटून त्याने धंदा वाढवला. १९५४ मध्ये लंडनचे प्रसिद्ध कॅफे रॉयल घेतले, एम-१ हा मोटारमार्ग झाला तेव्हा न्यूपोर्ट पॅग्नेलला वाटसरूंसाठी खानपानाची सोय उभी केली. १९७० मध्ये त्याची कंपनी ट्रस्ट हाउसेसशी एक झाली. ट्रस्ट हाउसेसचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी झाला होता, तोच मुळी घोडागाड्यांच्या काळातल्या मोडकळीस आलेल्या सराया वाचवण्यासाठी. प्रवाशाला स्वच्छ बिछाना आणि धड जेवण मिळावे, हा त्यामागचा हेतू. अशा दोन परंपरांतून ते घर बांधले गेले होते. त्याच्या वरच्या मजल्यावर पॅरिसचे जॉर्ज सँक, लंडनचे हाइड पार्क हॉटेल, बार्बाडोसचे सँडी लेन होते. आणि खाली, रस्त्याच्या कडेला, ट्रॅव्हलॉजची स्वस्त खोली आणि लिटल शेफचे टेबल.

लिटल शेफविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण खरा अन्याय तिथे झाला. कॅरव्हान बनवणाऱ्या सॅम अल्परने १९५८ मध्ये रेडिंगला त्याचे पहिले दुकान काढले, तेव्हा बसायला जागा होत्या अकरा. चाळीस वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवर त्याच्या चारशेहून अधिक शाखा झाल्या. लाल-पांढरी पाटी, तिच्यावर टोपी घातलेला गुटगुटीत आचारी चार्ली. ट्रकवाले, फिरते विक्रेते, पोरांना घेऊन समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली कुटुंबे तिथे थांबत. ऑलिम्पिक ब्रेकफास्ट मागवला की एकाच थाळीत अंडी, बेकन, सॉसेज, मश्रूम, टोमॅटो, बटाटे समोर येत. निघताना लहान मुलाच्या हातात लॉलीपॉप पडत असे. ते अन्न थोर नव्हते, तेलकटच होते. पण कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत पाटी दिसली की आत काय मिळेल आणि साधारण किती पैसे पडतील हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असे. अनोळखी रस्त्यावर रात्री आठ वाजता, मागच्या सीटवर मूल रडत असताना, ही खात्री म्हणजे काय असते ते प्रवास केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. सामान्य माणसाच्या वाट्याचे आतिथ्य ते हेच!

आणि हे मोडण्याचा निर्णय कोणी घेतला? मर्क्युरी ॲसेट मॅनेजमेंट या संस्थेचा फोर्टेमध्येही मोठा हिस्सा होता आणि ग्रॅनाडामध्येही. तिने ग्रॅनाडाच्या पारड्यात मत टाकले आणि निकाल लागला. मर्क्युरीचा पैसा कोणाचा होता? निवृत्तिवेतन फंडांचा! म्हणजे शिक्षकांचा, कामगारांचा, कारकुनांचा. ज्या माणसाने आयुष्यभर पगारातून पैसे कापून दिले, तोच माणूस रविवारी कुटुंबाला घेऊन लिटल शेफमध्ये बसत होता. त्याच्याच पैशाने, त्याला न विचारता, त्याच्याच टेबलाचा सौदा झाला. कुंपणानेच शेत खाल्ले! प्रवासी आणि भागधारक या दोन वेगळ्या जाती आहेत, एकाचे हित साधायचे तर दुसऱ्याला सोसावे लागणारच, असे जे अर्थपंडित आम्हाला शिकवतात, त्यांनी याचे उत्तर द्यावे. इथे दोघे एकच होते. फरक इतकाच की त्याच्या बचतीला मत होते आणि त्याला स्वतःला नव्हते.

फोर्टे घराणे निष्पाप होते असे आम्ही म्हणत नाही. चार्ल्सचा मुलगा रोको फोर्टे याच्या हाती आल्यावर कंपनी सुस्तावली होती, तिच्या शेअरला जोर नव्हता. ग्रॅनाडाची बोली आली त्या नोव्हेंबरच्या दिवशी तो यॉर्कशायरला शिकारीवर होता. त्याहून वाईट म्हणजे, वाचण्यासाठी त्याने काय केले? लिटल शेफ आणि ट्रॅव्हलॉजसह रस्त्यावरचा सगळा धंदा १.०५ अब्ज पौंडांना व्हिटब्रेडला विकण्याचा करार केला आणि तो पैसा भागधारकांना वाटण्याचे वचन दिले. हल्लेखोर घर फोडणार म्हणत होता आणि घरधनीही घर फोडूनच दाखवतो म्हणत होता! दोघांची भाषा एक, श्रोतेही एक. त्या दोन महिन्यांत एकाही पक्षाने असे म्हटले नाही की आमच्याकडे या, आम्ही प्रवाशाची अधिक चांगली सेवा करू, म्हणून मत द्या. असे म्हटले असते तर फंडवाल्यांनी ऐकूनही घेतले नसते. ही आमची मुख्य तक्रार आहे.

मग वाटे पडले. हाइड पार्क हॉटेल त्याच वर्षी मँडरिन ओरिएंटलकडे गेले. जॉर्ज सँक सौदी राजपुत्र अल्वलीदने घेतले. सँडी लेन आयरिश धनिकांनी घेऊन पाडले आणि नव्याने बांधले. लंडनच्या सव्हॉय हॉटेलसमूहातला हिस्सा १९९८ मध्ये अमेरिकी गुंतवणूकदारांना विकला. २००१ मध्ये पोस्टहाउसची साखळी बासला गेली, जुन्या सरायांची हेरिटेज साखळी मॅकडोनल्ड हॉटेल्सला, ले मेरिडियन जपानच्या नोमुराला. या यादीतल्या वरच्या हॉटेलांचे भले झाले हे आम्ही मान्य करतो. पॅरिसमधल्या राजवाड्यावर राजपुत्राने पाण्यासारखा पैसा ओतला आणि ते जगातल्या नामांकित हॉटेलांत गणले जाऊ लागले. मोडतोडीचे समर्थक नेहमी हेच उदाहरण तोंडावर फेकतात. आम्ही म्हणतो, हेच उदाहरण तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. महालाला राजपुत्र मिळाला. रस्त्याकडेच्या टेबलाला कोण मिळाले? एका छताखाली असताना दोन्ही धंदे एकमेकांच्या आधाराने उभे होते. वेगळे होताच श्रीमंताच्या हॉटेलला खरेदीदारांची रांग लागली आणि गरिबाचे उपाहारगृह एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिले.

तो प्रवास वाचताना संताप येतो. ग्रॅनाडाने हॅपी ईटर ही भावंड साखळी बंद करून तिच्याही जागा लिटल शेफमध्ये ओढल्या. पुढे ग्रॅनाडा आणि कंपास ही खानपान कंपनी एक झाल्या आणि वर्षभरात पुन्हा विभक्त झाल्या. लिटल शेफ कंपासच्या वाट्याला आले. २००३ मध्ये ते ट्रॅव्हलॉजसह पर्मिरा या खाजगी गुंतवणूक कंपनीकडे गेले. २००५ मध्ये ट्रॅव्हलॉजपासून तोडून पुन्हा विकले. याच काळात बऱ्याच जागा विकून त्याच जागांत भाडेकरू म्हणून राहण्याची युक्ती लढवली गेली. कालपर्यंत स्वतःच्या घरात अंडी तळणारा आचारी आज परक्याच्या घरात तळू लागला आणि थाळीतल्या प्रत्येक घासावर घरभाड्याचा बोजा चढला. २००६ साल सरताना कंपनी कोसळली. पुढे आणखी तीनदा विक्री, शाखांची सतत घट, आणि २०१८ मध्ये नाव कायमचे पुसले गेले. जो तो आला त्याने मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाल्ले!

प्रवासी गप्प बसले होते काय? मुळीच नाही. भाव चढल्याच्या, शाखा कळकट झाल्याच्या, वाढप्यांची वानवा असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. २००४ मध्ये कंपनीने पाटीवरच्या चार्लीला सडपातळ करायचे ठरवले, तेव्हा हजारो ग्राहकांनी निषेध नोंदवला आणि कंपनीला तो बेत सोडावा लागला. या घटनेकडे पाश्चात्त्य पत्रकारांनी गंमत म्हणून पाहिले. आम्हाला त्यात गंमत दिसत नाही. प्रवाशांना त्या सगळ्या वर्षांत मत देता आले ते फक्त या एका प्रश्नावर, आणि तिथे त्यांनी आपले म्हणणे खरे करून दाखवले. पाटीवरच्या चित्रावर त्यांचा हक्क मान्य झाला. स्वयंपाकघर कोणाचे, जागेचे भाडे कोण खाणार, कर्ज कोणाच्या डोक्यावर, या प्रश्नांवर त्यांचा एक शब्दही चालला नाही. काळ बदलला, बर्गरची दुकाने आली, नवे रस्ते गावांना वळसा घालून गेले, लिटल शेफ तसेही मेले असते, असे म्हणणारे आहेत. असेलही. पण आजारी माणसाला औषध द्यायचे सोडून त्याच्या अंगावरचे दागिने उतरवून घेणाऱ्याने मृत्यूचा दाखला नैसर्गिक म्हणून लिहून द्यावा, हे आम्ही चालू देणार नाही.

नाव आणि घर यांची फारकत हे या धंद्याचे सर्वांत मोठे पाप आहे. ऑक्सफर्डचे रँडॉल्फ हॉटेल पाहा. १८६६ पासून ब्यूमाँट स्ट्रीटवर ॲश्मोलियन संग्रहालयासमोर ते उभे आहे. तेच दार, तोच जिना. पण मालकी आणि पाट्या बघा: फोर्टे, मग ग्रॅनाडा, मग मॅकडोनल्ड, मग अमेरिकेची ग्रॅज्युएट ही हॉटेलसाखळी, आणि २०२४ मध्ये ग्रॅज्युएट हे नावच हिल्टनने विकत घेतले. ले मेरिडियनची कथा याच्या उलट. तिथे नाव फिरले. एअर फ्रान्सने १९७२ मध्ये काढलेली ही साखळी फोर्टे, ग्रॅनाडा, नोमुरा करत २००५ मध्ये स्टारवुडकडे आणि २०१६ मध्ये स्टारवुडसकट मॅरियटकडे गेली. पुण्यात राजाबहादूर मिल रस्त्यावरच्या हॉटेलावर कधी काळी हीच पाटी होती. आज तिथे शेरेटनची आहे. प्रवासी ज्या नावावर विश्वास ठेवून खोली घेतो, त्या नावामागे उद्या कोण उभा असेल हे त्याला कोण सांगणार?

विश्वासाचे सोडा, त्याच्या पासपोर्टचे तरी बोला. मॅरियटने स्टारवुड घेतली तेव्हा स्टारवुडच्या आरक्षण यंत्रणेत २०१४ पासून चोर शिरून बसले होते. कंपनी विकत घेणाऱ्यांना ते २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत कळले नाही. बावन्न लाखांहून अधिक पासपोर्ट क्रमांक कोणत्याही सांकेतिक संरक्षणाविना उघडे पडले होते. ब्रिटनच्या नियामकाने १ कोटी ८४ लाख पौंड दंड केला. अब्जावधी डॉलरच्या सौद्यात हिशेबनीसांनी प्रत्येक खुर्ची मोजली आणि पाहुण्याने विश्वासाने स्वागतकक्षात दिलेला कागद कोणाच्या हातात आहे हे पाहायला कोणाला सवड झाली नाही! याला बेफिकिरी म्हणत नाहीत, याला अपराध म्हणतात.

हे सारे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून कोणी डोळ्यांवर कातडे ओढू नये. २०१९ मध्ये कॅनडाच्या ब्रुकफील्डने लीला या हॉटेलसाखळीची बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूरची हॉटेले ३,९५० कोटी रुपयांना घेतली; अंधेरीचे हॉटेल जुन्या कंपनीकडे राहिले. नाव एक, मालक दोन. आता तर खरेदीदारही आपलेच आहेत. ब्लॅकस्टोनने २०१२ मध्ये १.९ अब्ज डॉलरला घेतलेली अमेरिकेची मोटेल ६, तिच्या इमारती वर्षानुवर्षे विकून झाल्यावर, २०२४ मध्ये ओयोने ५२ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. अमेरिकेतल्या त्या स्वस्त खोल्यांत रात्र काढणाऱ्या मजुरांचे आणि ट्रकवाल्यांचे देणे आता एका भारतीय कंपनीच्या शिरावर आहे. फोर्टेच्या बाबतीत जे इंग्रजांनी केले ते तिथे आपल्या नावाने होऊ नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांत आम्ही एक पैचीही तडजोड मान्य करणार नाही. प्रत्येक हॉटेलच्या दारावर, बिलावर आणि आरक्षणाच्या पावतीवर इमारतीचा मालक कोण, चालवणारा कोण आणि नाव कोणाचे हे ठळक अक्षरांत छापलेच पाहिजे. सौदा होताना प्रवाशांची आगाऊ भरलेली रक्कम आणि साठवलेले गुण हे कंपनीचे कर्ज मानून आधी फेडले पाहिजे. नवा मालक आला की जुन्या पाहुण्याच्या तोंडाला पाने पुसणे हा कायद्याने गुन्हा ठरला पाहिजे. पाहुण्यांच्या माहितीची तपासणी झाल्याशिवाय विक्रीला परवानगी मिळता कामा नये.

आणि शेवटचा प्रश्न वाचकांना आहे. ठाण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या लाखो घरांतून आज दरमहा म्युच्युअल फंडांचे हप्ते जात आहेत. भविष्यनिर्वाह निधीचा पैसाही शेअर बाजारात उतरला आहे. मर्क्युरीने ज्या खुर्चीवर बसून फोर्टेचा निकाल लावला, त्या खुर्च्या आता मुंबईत आहेत आणि त्या तुमच्या पैशाने विकत घेतलेल्या आहेत. कंपन्यांच्या ठरावांवर आपण कसे मत दिले हे फंडांनी जाहीर करावे असे बंधन सेबीने घातले आहे. ते तपशील काढा, वाचा, आणि तुमच्या नावाने कोणत्या घराचे वाटे पाडण्याला होकार दिला गेला, याचा जाब फंडाच्या विश्वस्तांना लेखी विचारा!