कुंडी बदलताना मुळांचा विचार

१९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून जुलै महिन्यात देशभर शाळाशाळांतून रोपे लावली जातात. किती रोपे लावली हे जाहीर होते. किती जगली याची चौकशी मात्र क्वचितच होते. रोप वाळले म्हणजे पावसाला किंवा मुलांच्या निष्काळजीपणाला दोष दिला जातो. वस्तुतः पुष्कळ रोपांचे भवितव्य जमिनीत जाण्यापूर्वीच, वाफ्यातून कुंडीत व लहान कुंडीतून मोठ्या कुंडीत जाताना, ठरून गेलेले असते.

मुळाच्या टोकाच्या किंचित मागे अतिसूक्ष्म मूलरोम असतात. मातीतील पाणी बव्हंशी त्यांच्याच द्वारे शोषले जाते. रोप हिसकून उपटले, तर मूळ शाबूत दिसले तरी मूलरोम तुटून मातीतच राहतात. इकडे पानांतून पाण्याची वाफ होणे चालूच असते. आवक बंद आणि खर्च चालू, अशा स्थितीत रोप मान टाकते. म्हणून मुळांभोवतीचा मातीचा गोळा अभंग ठेवणे हा या कामातील मुख्य नियम होय.

बीजपत्रांनंतर खरी पाने फुटली की रोप हलविण्याजोगे होते. त्यास आधी पाणी द्यावे, म्हणजे माती मुळांना धरून राहते. वाफ्यातील कोवळे रोप काडीने खालून उचलावे व पानाला धरावे, खोडाला नव्हे. गेलेल्या पानाच्या जागी दुसरे पान येते. खोड चिरडले तर रोपच जाते. टोमॅटोच्या खोडास मुळे फुटतात, म्हणून ते थोडे खोल लावता येते. पपई खोल लावल्यास बुंधा कुजण्याचा संभव असतो. हे काम सायंकाळी करावे व रोप काही दिवस सावलीत ठेवावे.

याबाबत दोन समजुती सोडून देणे इष्ट आहे. लहान रोपास एकदम मोठी कुंडी देणे म्हणजे औदार्य, ही पहिली. त्या कुंडीतील जादा माती मुळांच्या आवाक्याबाहेर ओलीच राहते. तिच्यातील हवा कमी होऊन मुळे गुदमरतात. कुंडी पायरीपायरीने वाढवावी. तळाशी खापऱ्यांचा जाड थर दिल्याने निचरा वाढतो, ही दुसरी. बारीक मातीतील पाणी भरड थरात सहज उतरत नाही. उलट त्या थरावर ओल साचते. छिद्रावर एक खापरी पुरे.

फार काळ एकाच पिशवीत अडकलेल्या रोपाची मुळे भिंतीला लागून वेटोळे घालतात. असे रोप वरून टवटवीत दिसते. परंतु पुढे तीच वेटोळी झाडाचा गळा आवळू शकतात. यास्तव रोपाची निवड उंचीवरून नव्हे, तर मुळांवरून व्हावी.

इतका खटाटोप करण्यास शाळांना सवड कोठून मिळणार, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु शंभर रोपे घाईने लावून ती वाळू देण्यापेक्षा दहा रोपे जपून वाढविण्यास श्रम कमीच लागतात. शिवाय लावलेले रोप मरतेच, असा चुकीचा धडा विद्यार्थ्यांना मिळत नाही. प्रत्येक शाळेने आपल्या नोंदवहीत लावलेल्या रोपांच्या संख्येशेजारी, पुढील वर्षी जिवंत असलेल्या रोपांची संख्या लिहावी. वनमहोत्सवाचे खरे यश त्या दुसऱ्या आकड्यात आहे.