कमाटीबाग, हरणी आणि आपण

बडोद्याला जाऊन आलेला मराठी माणूस कमाटीबागेचे कौतुक केल्यावाचून राहत नाही. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली ही बाग प्रजेसाठी खुली झाली तेव्हा सयाजीराव महाराज अल्पवयीन होते व कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. तेव्हा श्रेयाचा काही वाटा त्यांच्याही पदरी घातला पाहिजे. पुढे १८९४ मध्ये बागेतच वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. संस्थानच्या बागांसाठी महाराजांनी लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेल्या क्रुम्बिगेल या जर्मन तज्ज्ञाला पाचारण केले. हेच गृहस्थ नंतर म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगलोरच्या लालबागेचे नाव त्यांच्याशी कायमचे जोडले गेले. सार्वजनिक बाग चालविणे हे जाणत्याचे काम आहे, एवढी समज त्या काळच्या एका संस्थानाला होती.

त्याच शहरात १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीच्या मुलांची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका प्राणास मुकल्या. नावेत मर्यादेपेक्षा अधिक माणसे होती, जीवरक्षक जाकिटे सर्वांना दिलेली नव्हती. तलावाची व्यवस्था खासगी ठेकेदाराकडे होती. गुजरात उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने हे कंत्राट ज्या रीतीने दिले त्यावरही ताशेरे ओढले. आमच्या मते प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. नावाड्यावर खटला भरता येतो. पण ज्या कचेरीत कंत्राटावर सही झाली, तेथे तलावात किती नावा व नावेत किती माणसे, हे विचारण्याचे शिक्षण झालेला कोणी होता काय?

असे शिक्षण अस्तित्वात नाही असे नव्हे. अमेरिकेत क्लेमसन, नॉर्थ कॅरोलायना स्टेट यांसारख्या विद्यापीठांत उद्याने, मनोरंजन व पर्यटन यांचे व्यवस्थापन हा स्वतंत्र विभागच आहे. एखादी जागा किती माणसे सोसू शकते, पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या मातीत झाडांच्या मुळांचे काय होते, पुराच्या पट्ट्यात काय बांधू नये, ठेक्यात कोणत्या अटी हव्यात, मिळकतीतला वाटा गावाकडे कसा जावा, हे त्या अभ्यासाचे विषय. आपल्याकडे पर्यटनाचे शिक्षण म्हटले की हॉटेल आणि प्रवासाची तिकिटे एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने १९५२ मध्येच संग्रहालयशास्त्राचा विभाग काढला. वस्तुसंग्रहालयाच्या आतील वस्तूंसाठी जे शास्त्र झाले, ते बाहेरच्या बागेसाठी, तलावासाठी आणि मगरींनी भरलेल्या विश्वामित्रीसाठी का होऊ नये? ऑगस्ट २०२४ च्या पुरात या नदीचे पाणी शहरात शिरले व मगरी वस्तीत आल्या. नदी आणि करमणुकीची जागा वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत ठेवून भागत नाही, हे तेव्हा पुन्हा दिसले.

हे सारे परगावचे समजून आपण निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एकजण दगावला. १८ जानेवारी २०२५ रोजी, हरणीच्या घटनेला बरोबर वर्ष झाले त्याच दिवशी, केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पर्यटक युवती व चालक दोघेही मृत्युमुखी पडले. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. ती नौका चालविणाऱ्यांना व जीवरक्षकांना प्रशिक्षण देते. १९८५ पासून आपले विद्यापीठही आहे. या दोघांनी मिळून पदवीचा अभ्यासक्रम आखावयास अडचण कोणती?

होडी चालवायला पदवी कशाला, असे कोणी विचारील. आमच्या रापणकाराला वारा कळतो, त्याला पदवी नको. उलट अभ्यासक्रमात शिकवायला त्यालाच बोलवावे. पदवी हवी ती परवाना देणाऱ्याला. तेव्हा सरकारने पर्यटन खात्यात, नगरपालिकांत आणि किनारपट्टीच्या मोठ्या पंचायतींत अशा पात्रतेची पदे प्रथम निर्माण करावीत व भरतीच्या नियमांत तशी दुरुस्ती करावी. पदे नसताना अभ्यासक्रम काढला तर दोन वर्षांत वर्ग ओस पडेल, आणि मग विद्यार्थीच येत नाहीत असे सांगून तो बंद करण्यात येईल.