विंचवाचे बिऱ्हाड किनाऱ्यावर

स्वस्त या शब्दाचा आपल्याकडे जितका छळ झाला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा झाला नसेल. अलीकडे त्यात एका नव्या छळाची भर पडली आहे. मोटारीतच बिछाना, मोटारीतच चूल, मोटारीतच मोरी. अशी चाकांवरची खोली घेऊन कोकणचा किनारा पालथा घालायचा आणि त्याला म्हणायचे काटकसरीचा प्रवास! विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण विंचवाने आपल्या बिऱ्हाडाचे भाडे मोजल्याचे कधी ऐकले नव्हते, आणि ते मोजून वर काटकसर केल्याची फुशारकी तर त्याने खचितच मारली नसती.

मी किनाऱ्यावरच्या एका गावात मुलांना शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण त्रैराशिक मला येते, आणि या प्रकरणात त्याहून अधिक गणिताची गरज पडत नाही. पुण्याच्या आमच्या भाच्याने यंदा दिवाळीच्या सुट्टीचा बेत फोनवर धाडला: 'मामा, रेवसपासून रेडीपर्यंत, सहा दिवस, आम्ही चौघे. हॉटेलचा खर्च शून्य!' त्या शून्यावर त्याचे भारी प्रेम. म्हणून मी कागद घेऊन बसलो. गाडीचे भाडे त्यानेच कळवलेले, दिवसाला दहा हजार. सहा दिवसांचे साठ हजार झाले. पुणे ते रेवस, तिथून वळणावळणाने रेडी आणि परत पुणे, हे हजार-अकराशे किलोमीटर भरतात. असले अवजड धूड लिटरला दहा किलोमीटर चालले तरी पुष्कळ. डिझेल नव्वद रुपयांच्या घरात. म्हणजे नऊ-दहा हजार ते. सत्तर हजार इथेच झाले, आणि अजून कुणाच्या तोंडात घास पडलेला नाही. उलट बाजूला, हेच चौघे पाच रात्री कोकणातल्या घरांतून उतरले, माणशी रोजचे हजार-बाराशे जेवणासकट दिले, तर चोवीस हजारांच्या आत काम होते. एस.टी., तर, रिक्षा, वाटेतली शहाळी, सगळे धरा. पस्तीस हजारांपुढे आकडा जात नाही. शून्याचे हॉटेल दुपटीला पडले! यालाच आमच्या आजीच्या पिढीत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणत.

यावर काही हुन्नरी तरुण सांगतात की भाड्याने कशाला घ्यायची, जुनी गाडी घेऊन आपणच आत फळ्या ठोकाव्यात. ठोका बापडे, मात्र १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचा. नोंदणीत फेर करून घेतल्याखेरीज गाडीचे रूप असे मनमानी बदलता येत नाही.

पण मी लेखणी उचलली ती भाच्याचे पैसे वाचवायला नव्हे. त्याचे पैसे, तो पाहून घेईल. माझे भांडण त्या शून्याशी आहे. हॉटेलचा खर्च शून्य म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाची मिळकत शून्य, हा त्याच शून्याचा दुसरा चेहरा बेत आखणाऱ्याला दिसत नाही.

मुळात ही कल्पना आली कुठून? जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकाराने १९६० साली एका ट्रकच्या पाठीवर खोली बसवून घेतली, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले आणि कुत्रा सोबत घेऊन देश पाहायला तो निघाला. त्याला ते शोभले. त्या देशात दिवसभर गाडी हाकावी आणि वाटेत घर दिसू नये असे मुलूख पडले आहेत. न्यूझीलंडचे पाहा. पन्नास लाखांच्या आसपास माणसे आणि पंधरा हजार किलोमीटर किनारा. तिथेसुद्धा या फिरत्या बिऱ्हाडांचा इतका उपद्रव झाला की २०११ साली त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला, आणि २०२३ साली तो आणखी कडक करून गाडीत पक्का बसवलेला संडास हवा अशी अट घातली. आता आमच्या रत्नागिरी जिल्ह्याकडे वळा. २०११च्या शिरगणतीत इथे सोळा लाखांवर माणसे मोजली गेली, आणि क्षेत्रफळ आठ हजार दोनशे चौरस किलोमीटर. न्यूझीलंडमध्ये असे तीसहून अधिक जिल्हे मावतील. जिथे रिकामा किनाराच नाही तिथे रिकाम्या किनाऱ्याची चैन आणायची कशी?

आमचा किनारा म्हणजे घरांची ओळ आहे. समुद्र, वाळू, सुरू किंवा केवडा, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत घर, घरापुढे अंगण, अंगणाला लागून जांभ्या दगडाचा गडगा आणि दोन गडग्यांच्या मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल अशी पाखाडी नाहीतर रस्ता. दिवेआगर, गुहागर, आंजर्ले, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हेच. त्या बोळात एस.टी.चा ड्रायव्हर गाडी घालतो ती वर्षानुवर्षांच्या सवयीने. शहरातले पाहुणे खोलीएवढी गाडी घालतात आणि मग पुढेही जाता येत नाही, मागेही येता येत नाही. सगळी वाडी हातातले काम टाकून 'घ्या, घ्या, अजून थोडी घ्या' करीत उभी राहते. ही करमणूक आम्हाला फुकट मिळते, हे कबूल!

या घरांची एक गोष्ट सांगायला हवी. ३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. अलिबागपासून श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीपर्यंतच्या वाड्या त्याने आडव्या केल्या. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. शहरातल्या माणसाला झाड पडले म्हणजे झाड पडले असे वाटते. वाडीवाल्याला ठाऊक असते की आज लावलेली पोफळ सुपारी धरायला सात-आठ वर्षे घेते, आणि नारळही फारसा लवकर हाती लागत नाही. म्हणजे आजोबांनी लावलेले एका दुपारी गेले, आणि नातवाने लावलेले अजून धड बहरात यायचे आहे. मधल्या वर्षांत खायचे काय? ज्यांना शक्य होते त्यांनी पडवी सारवली, एक खोली काढली, संडास-न्हाणीघर नीट केले आणि पाहुणे ठेवू लागले. सरकारी पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत काहींनी नावे घातली, काहींनी नुसती दारावर पाटी लावली. उकडीचे मोदक, सोलकढी, घावन, आंबोळी, जे घरात होत होते तेच पाहुण्याच्या पानात वाढायचे. हा धंदा बहुतांशी बायकांच्या हातात आहे. दिवाळीचे आठ-दहा दिवस, नाताळ आणि मे महिना एवढाच त्याचा हंगाम. त्या हंगामात पुण्याहून भरून आणलेला तांदूळ, पुण्याची भाजी, पुण्याचे पाणी आणि पुण्याचा बिछाना घेऊन कोणी दाराशी गाडी लावतो, समुद्राचा देखावा पाहतो आणि सकाळी निघून जातो. तो काय ठेवून जातो?

पुण्याचे पाणी म्हणालो, पण ते पहिल्या दिवशीच संपते. मग 'जरा टाकी भरून घेऊ का?' असे गोड शब्द विहिरीपाशी ऐकू येतात. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून वाहून समुद्राला मिळतो. दिवाळीत विहीर भरलेली दिसते. तिच्या पाण्यावर मे महिन्यापर्यंत दिवस काढायचे असतात, हे पाहुण्याला कसे दिसावे? बरे, भरलेली टाकी ज्या वाटेने रिकामी होते त्या दुसऱ्या टाकीचे काय? परदेशात ती रिती करायला ठरलेल्या जागा असतात. आमच्या गावात तशी जागा नाही, शेजारच्या गावातही नाही. तरी गाड्या येताना जड असतात आणि जाताना हलक्या असतात. अधिक लिहीत नाही. दिवाळी अंक आहे, लोक फराळाचे ताट समोर घेऊन वाचतात.

आता समुद्राविषयी दोन शब्द. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते आणि अमावास्येला उधाण असते. आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असलेला हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या अलीकडे-पलीकडे येते. म्हणजे सायंकाळी सहाला पूर्ण ओहोटी. नेमका त्याच वेळी आमचा प्रवासी दिवसभराच्या प्रवासाने दमून किनाऱ्याला पोचतो. पुढे कठीण, ओली, चकचकीत वाळू मैदानासारखी पसरलेली; मनुष्य नाही, भाडे नाही, पाटी नाही. तो गाडी खाली उतरवतो, समुद्राकडे तोंड करून लावतो, आकाशकंदील टांगतो आणि झोपतो. मध्यरात्री समुद्र आपल्या जागेवर परत येतो. मग कोळीवाड्यात हाका. सणाच्या रात्री दोर घेऊन धावायचे ते आमच्याच पोरांनी. वाळूतून मोटारी ओढून काढण्याचे काम आता किनाऱ्याच्या कितीतरी गावांना सरावाचे झाले आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय?

त्याच वाळूत आणखी एक भाडेकरू येतो. थंडी पडू लागली की ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री किनाऱ्यावर चढून अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाच्या रोखाने चालतात, कारण मोकळ्या किनाऱ्यावर उजेड समुद्राच्या बाजूला असतो. तिथे गाडीचे दिवे जळत असले की ती बिचारी उलटी फिरतात. वेळासला २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या हाताने ही अंडी राखायचे काम उभे केले. पिल्ले पाहायला येणारी माणसे तिथे गावातल्याच घरांतून उतरतात, तिथेच जेवतात. म्हणून कासव जगले तर आपणही जगतो हे गावाला पटले. पाहुण्याने घराबाहेर झोपून हा व्यवहार चालला नसता.

एवढे सगळे भाच्याला ऐकवल्यावर तो म्हणाला, 'मामा, पण स्वातंत्र्य!' या शब्दापुढे नम्र व्हायची माझी तयारी आहे, परंतु जेवायच्या वेळेला जेवणे आणि यजमानाला दोन तास आधी कळवणे याला कोणी पारतंत्र्य म्हणू लागला तर मी ऐकणार नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली पायी उत्तर हिंदुस्थानात गेले. वाटेत बंड पेटले, तरी ते लोकांच्या ओसरीवर उतरत, चार घरी जेवत पुढे गेले, आणि पाहिलेले-ऐकलेले इतके जमले की त्याचा ग्रंथ झाला. स्वतःच्या खोलीत बसून गेले असते तर काय लिहिते?

मात्र भाचेसुनेने त्या बेताच्या तळाशी एक ओळ लिहिली होती: 'मामा, वाटेत बायकांची सोय कुठेच नसते हो.' या ओळीला माझ्याजवळ विनोद नाही. गाडीच्या बाजूने एवढा एकच मुद्दा खरा आहे आणि तो पुरुषांच्या यादीत नव्हता. म्हातारी माणसे, आजारी माणसे, लेकुरवाळ्या बायका यांना सोबत संडास असण्याचे मोल मला कळते. अशांनी गाडी घेतली तर मी तोंड उघडणार नाही. पण बाकीच्या धडधाकट मंडळींना विचारतो, सत्तर हजार खर्चून एका कुटुंबाची सहा दिवसांची सोय झाली, आणि पहाटेच्या गाडीने पाटी घेऊन बाजाराला जाणारी कोळीण? तिची बाराही महिने गैरसोयच आहे. कागद लिहायचाच तर हॉटेलच्या शून्याचा नको. कोणत्या स्थानकावर, कोणत्या जेट्टीवर संडासाला कुलूप आहे, कुठे पाणी नाही, त्याची यादी लिहा आणि तिथल्या ग्रामपंचायतीच्या हाती द्या. वाटेत उतरला असाल तरच ती लिहिता येईल. तोवर भाचेसुनेला माझे एवढेच सांगणे की रोजचे अंतर लहान ठेव. मुक्काम ते मुक्काम दोन-अडीच तासांच्या वर नको. पुढच्या घरी आधी फोन कर. कोकणातल्या घरात बाईमाणसाला 'आधी आत या' असे न सांगता कळते.

आणि प्रवासाचे म्हणाल तर वाट सरळ आहे. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरावे, पुणेकरांनी अलिबाग गाठावे. आगरदांडा ते दिघी तर, बागमांडला ते वेसवी तर, दाभोळ ते धोपावे तर, तवसाळ ते जयगड तर. चार खाड्या बसल्या जागी ओलांडल्या की तुम्ही गणपतीपुळ्याच्या उंबऱ्याशी आलात. दाभोळची तर २००३ साली सुरू झाली. त्याआधी पलीकडे दिसणाऱ्या गावाला मोटारीने जायचे तर चिपळूणचा वळसा पडे. एस.टी.त २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२पासून तेही नाही. तेव्हा आजीला बरोबर घ्या, ती फुकट येईल. 'आवडेल तेथे प्रवास' या पासाची चौकशी करा. सहा दिवसांत रेवस ते रेडी सगळे होत नाही. जयगडपर्यंत नीट पाहा, विजयदुर्ग, देवगड, मालवण पुढच्या खेपेला ठेवा.

सामानात पंचांग असू द्या. भाऊबीजेला भरती दीडच्या सुमाराला आहे, म्हणजे मुलांना वाळूत न्यायचे तर सकाळी सात ते नऊच्या आत न्या आणि फराळाच्या वेळेला घरी परत आणा.